खलाटी, वलाटी आणि गिरणगाव

कोकण म्हणजे एक सलग किनारपट्टी, अशी नकाशावरून आपली समजूत होते. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील ही पट्टी अरुंद आहे हे खरे. परंतु तिच्या पोटात अनेक मुलूख आहेत, आणि प्रभादेवी-परळच्या चाळींचा इतिहास त्या मुलखांपासूनच सुरू होतो.

उत्तरेस वैतरणा व उल्हास यांची खोरी रुंद आणि गाळाची. तेथे भात पिकतो, वसईसारख्या भागात बागायत होते, आणि मुंबईची बाजारपेठही जवळ. सावित्री ओलांडली की भूमीचे रूप पालटते. जांभ्याचे उघडे सडे थेट समुद्रापर्यंत येतात व शेती दऱ्याखोऱ्यांत अडकून पडते. समुद्रालगतची ती खलाटी, सह्याद्रीच्या पायथ्याची ती वलाटी. हा भेद पंडितांनी नव्हे, तेथील कष्टकऱ्यांनी केला. खलाटीस माड आणि मासळी, वलाटीस उतारावरची नाचणी-वरी. पाऊस धो धो पडतो. पण सच्छिद्र जांभा तो धरीत नाही, आणि आखूड नद्या तो समुद्रात नेऊन सोडतात.

मग कोकणी माणूस गिरणीत आला तो केवळ जमीन नापीक म्हणून काय? आम्हांस हे मान्य नाही. पिकलेल्यातला वाटा खोत नेत असे. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. कायदा मात्र १९४९ साली झाला. तोवर पिढ्या मुंबईस आल्या होत्या.

हा कामगार लावणीस गावी जाई. मालक त्यास गैरहजेरी म्हणत. आम्ही चळवळीतली माणसे तिला संपाची शिदोरी म्हणतो. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात हजारो कुटुंबे गावच्या भातावर तगली.

आज गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत. १९९८ पासून कोकण रेल्वे सलग धावते, तरी तरुण अजून मुंबईकडेच येतो. पोफळीच्या वीजगृहातून वाशिष्ठीत उतरणारे कोयनेचे पाणी आजही बहुतांशी समुद्रास मिळते. ते पाणी शेतास मिळाले पाहिजे, ही मागणी खलाटी-वलाटीइतकीच गिरणगावचीही आहे.