दोन ‘रे’: व्युत्पत्तीच्या अभ्यासाची प्रस्तावना

स्क्रॅबलच्या पटावर ‘यू’ आणि ‘टी’ ही दोनच अक्षरे शेजारी बसली आहेत. शब्द झाला ‘उत्’, गुण मिळाले दोन. पुढच्या खेळाडूच्या हातात ‘जी’, ‘ए’ आणि ‘एम’ आहेत. तो ती तिन्ही अलीकडे लावतो आणि पटावर ‘गॅमट’ उभा राहतो. पटावरची रंगीत घरे सोडली, तर अक्षरांचे गुण आठ. खेळाडूच्या ध्यानीमनी नसेल, पण हा शब्द इतिहासातही असाच घडला: आधी ‘उत्’ होता, मग त्याच्या अलीकडे ‘गामा’ येऊन बसला.

शब्दखेळांच्या वाटेने या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. गाण्याच्या भेंड्या आणि रविवारची शब्दकोडी यांच्यात रमलेला माणूस व्युत्पत्तीच्या अर्ध्या वाटेवर आलेलाच असतो, असे मला मनापासून वाटते.

‘उत्’ हे लॅटिन अव्यय. अर्थ साधा, ‘यासाठी की’. अकराव्या शतकात इटलीतल्या अरेझ्झो गावी ग्वीदो नावाचा साधू गायकांना शिकवत असे. नवे स्तोत्र गुरूच्या तोंडून ऐकल्याशिवाय येत नाही, ही त्या काळच्या गायकांची अडचण. ग्वीदोने संत योहानाचे एक लॅटिन स्तोत्र घेतले. त्याचे पहिले सहा चरणखंड असे बांधलेले होते, की प्रत्येक खंड आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू व्हावा. त्या खंडांची आद्याक्षरे त्याने स्वरांना दिली: उत्, रे, मी, फा, सोल, ला. ‘यासाठी की’ म्हणणारे अव्यय अर्थ गमावून नुसता स्वर झाले. स्वरपंक्तीतल्या सर्वांत खालच्या स्वराला ग्रीक ‘गामा’ हे अक्षर लावत. तिथला ‘उत्’ तो ‘गामा-उत्’. हे नाव आधी त्या एका स्वराचे होते, मग सबंध स्वरपंक्तीचे झाले आणि शेवटी कोणत्याही गोष्टीच्या पूर्ण आवाक्याचे. मराठीत आपण ‘अथपासून इतीपर्यंत’ म्हणतो, तिथे इंग्रजीत ‘गॅमट’ येतो. आपली ‘सरगम’ही याच रीतीची. पहिल्या चार स्वरांची अक्षरे जुळली आणि सगळ्या सप्तकाला नाव मिळाले.

इथे मराठी वाचक हमखास थबकतो. दुसरा स्वर त्यांचाही ‘रे’ आणि आपलाही ‘रे’! मग एक दुसऱ्याकडून आला असणार. हा मोह मोठा आहे आणि इथेच शास्त्र सुरू होते. आपला ‘रे’ ऋषभाचा. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्ज, ऋषभ, गांधार ही नावे ग्वीदोच्या कितीतरी शतके आधीपासून आहेत. ग्वीदोचा ‘रे’ आला ‘रेसोनारे’ या क्रियापदातून, म्हणजे ‘निनादणे’ यातून. उच्चार एक, घराणी दोन.

नाते आहे, पण ते दुसरीकडे आहे. ‘रेसोनारे’तला ‘रे’ हा उपसर्ग बाजूला काढा. उरलेल्या ‘सोन’मागे लॅटिन ‘सोनुस’ आहे, अर्थ ध्वनी. त्याचा संस्कृत भाऊबंद ‘स्वन’, ज्यावरून मराठी भाषाविज्ञानाने ‘स्वनिम’ हा शब्द घडवला. ओढूनताणून जमवलेले वाटत असेल, तर ‘स्वप्न’ आणि लॅटिन ‘सोम्नुस’ म्हणजे झोप, ‘स्वसृ’ आणि ‘सोरोर’ म्हणजे बहीण, या जोड्या शेजारी ठेवून पाहा. संस्कृतात ‘स्व’ आहे तिथे तिन्ही वेळा लॅटिनात ‘सो’ आला आहे. 1786 साली कलकत्त्यातल्या व्याख्यानात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे मांडले. पुढच्या पिढ्यांनी शोधली ती अशी नियमित जुळणी. दिसण्यातले साम्य योगायोगाने येऊ शकते. एकाच जागी पुन्हा पुन्हा तोच बदल दिसला, तर तो योगायोग मानणे कठीण.

ही सावधगिरी आपल्याला परकी नाही. यास्काच्या निरुक्तात शाकटायन म्हणतो, सगळी नामे धातूंपासूनच निघाली. गार्ग्य म्हणतो, सगळी नव्हेत. मला गार्ग्य जवळचा वाटतो. कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्तिकोश चाळताना तो शेजारी बसलेला असावा. आणि पुढच्या डावात हातात ‘जी’, ‘ए’, ‘एम’ आले, तर पटावर ‘उत्’ कुठे आहे ते आधी पाहावे.