तळटीप : टोळाच्या पंखातले रबर

१४. ‘टोळाच्या पंखातले रबर’ : म्हणजे रेझिलिन हे प्रथिन. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ टॉर्केल वाइस-फो (१९२२–१९७५) यांनी १९६०मध्ये टोळ व चतुर या कीटकांच्या कवचातील या प्रथिनाचे वर्णन केले. नाव लॅटिनमधील ‘उलट उसळणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून पडले. टोळाच्या पंखाच्या सांध्यात ते प्रत्येक फडफडीला ताणले जाते आणि सुटताच साठलेली शक्ती परत देते. त्याच्या साखळ्या टायरोसीन या अमिनो आम्लाच्या जोड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. प्रथिन ओले असेपर्यंतच लवचीक राहते. वाळले की ठिसूळ होते. पुढील ओळीतील ‘जिवाणूंकडून करवून घेतलेले’ रेझिलिन हे ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या गटाचे काम (२००५). त्यांनी फळमाशीच्या जनुकाचा एक भाग ई. कोलाय जिवाणूत घालून प्रथिन मिळवले आणि प्रकाशाच्या मदतीने त्याच्या साखळ्या सांधल्या. हा पदार्थ सुमारे ९७ टक्के ऊर्जा परत देतो. ‘रबर’ हा शब्द येथे केवळ गुणसाम्याने आला आहे. झाडाच्या चिकापासून होणाऱ्या रबराशी त्याचे रासायनिक नाते नाही.