काळाचे स्फटिक : खोटी ठरूनही जगलेली कल्पना

आजची गोष्ट आहे एका कल्पनेची. ती तीन वर्षांत खोटी ठरली आणि तरीही जगली.

मिठाचा खडा घ्या. त्यातले अणू ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येतात, म्हणून तो स्फटिक. २०१२ मध्ये नोबेलविजेते फ्रँक विल्चेक यांनी विचारलं, अशी पुनरावृत्ती काळात का नसावी? अगदी शांत, किमान ऊर्जेची वस्तू आपणहून ठेका धरेल का? २०१५ मध्ये वातानाबे आणि ओशिकावा या जपानी शास्त्रज्ञांनी गणितानं दाखवलं, की समतोलात हे शक्य नाही. संपला विषय?

नाही. सगळी मेख 'समतोल' या शब्दात होती. मग समतोल मोडूनच बघू की! नागपंचमीचा झोका आठवा. उभ्यानं झोका चढवणारी पोर एका पूर्ण हेलकाव्यात दोनदा बसते-उठते. जोर दोनदा, हेलकावा एकदा. २०१७ मध्ये मेरिलँड आणि हार्वर्डच्या गटांनी अनेक कणांच्या समूहात असाच, जोरापेक्षा संथ ठेका दाखवला. जोर थोडा चुकला तरी तो मोडेना. खरा कस हाच.

मग प्रकाशाची पाळी आली. हॅम्बुर्गमध्ये आंद्रेआस हेमरिश यांच्या गटानं अतिथंड रुबिडियमचे अणू दोन समोरासमोरच्या आरशांमध्ये ठेवले. प्रकाश अणूंना हलवतो, अणू प्रकाशाला वळवतात. २०२१ मध्ये लेझर कमी-जास्त करून त्यांनी ठेका मिळवला. २०२२ मध्ये लेझर एकसारखा ठेवला, तरी अणूंनी स्वतःच ठेका धरला. आरशातून गळणाऱ्या प्रकाशावरूनच तो मोजला गेला.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात होसैन ताहेरी आणि सहकाऱ्यांनी तर थंडावाही सोडला. मॅग्नेशियम फ्लोराइडची इवलीशी चकती, खोलीचं तापमान आणि दोन लेझर, बस्स. विजापूरच्या गोलघुमटात कुजबूज भिंतीला धरून फिरते ना, तसाच त्या चकतीत प्रकाश कडेकडेनं फिरतो. अशा घुमटांचा अभ्यास आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या दशकातच केला होता.

पण एक लक्षात ठेवा. लेझर बंद केला, की ठेकाही बंद. फुकट चालणारं चाक कुणालाच सापडलेलं नाही. विल्चेक यांचं उत्तर टिकलं नाही, प्रश्न मात्र टिकला. विज्ञानात तेवढंही पुष्कळ असतं.

भेटू पुढच्या भागात.