नामदेवरायांचं गाणं कोणी राखलं?



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. पुस्तकात तुम्हीही चार शब्द लिहा, असा मंडळींचा आग्रह पडला. आमचं शिक्षण चौथी. हातात नांगर आणि गळ्यात वीणा, एवढीच आमची विद्या. म्हणून ज्यांच्यामुळे कीर्तनाला उभं राहता येतं, त्या नामदेवरायांविषयी लिहितो.

नामदेवराय शिंप्याच्या घरचे. शके ११९२, म्हणजे इंग्रजी सन १२७० चा जन्म. वडील दामाशेटी, आई गोणाई. घरात कापडाचा धंदा, पण यांचं मन राउळात. स्वतः रचायचं, स्वतः गायचं आणि गाता गाता नाचायचं, ही रीत त्यांची. आज गावोगाव कीर्तन उभं राहतं, त्याचे आद्य कीर्तनकार तेच.

पण सुरुवातीपासून सगळे त्यांना थोर म्हणत होते असं नव्हे. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा आपण सगळे जाणतो. देव ज्यांच्याशी बोलतो त्यांना कच्चं म्हटलं! राग आला, रडू आलं. पण राग धरून ते घरी बसले नाहीत. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांच्या पायाशी गेले आणि गुरू केला. गाणाऱ्याला हे फार अवघड असतं. चार माणसं माना डोलवायला लागली की आपल्याला वाटतं, आता शिकायचं काही राहिलं नाही.

पुढे ज्ञानेश्वर माउलींबरोबर तीर्थयात्रा झाली. १२९६ साली आळंदीला माउलींनी समाधी घेतली, तेव्हा नामदेवराय तिथे होते. माउलींचं चरित्र आज आपल्या तोंडी आहे, ते पहिल्यांदा नामदेवांनी गायलं. आदि, तीर्थावळी आणि समाधी अशी त्याची प्रकरणं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी वेचून महाद्वारासमोर आणणारे नामदेवच. घरातही त्यांनी एकट्याने गायलं नाही. गोणाई, राजाई, चारी मुलं, दासी म्हणवून घेणारी जनाबाई, ज्याचा त्याचा अभंग ज्याच्या त्याच्या नावाने आहे.

मग ते उत्तरेत गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचं गाव आहे, तिथे त्यांचं स्थान आहे. परमुलूख, परभाषा. नामदेवांनी तिथल्या लोकांच्या बोलीत पदं केली. त्या लोकांनी ती गळ्यात धरली. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची पदं घेतली. आज गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, कोणतं पद कोणत्या रागात म्हणायचं हे ठरलेलं. त्या पदांत आपल्या विठ्ठलाचं नाव 'बीठल' म्हणून येतं. पंढरी डोळ्यांनी न पाहिलेला शीख बांधव ते नाव गातो. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा अनेकांना हे नव्याने कळलं.

आपल्याकडे काय झालं? अभंग तोंडातोंडी चालले. पुढे एकनाथ महाराजांच्या काळात विष्णुदास नामा म्हणून दुसरे कवी झाले. दोघांच्या रचना गाथ्यात अशा मिसळल्या की निवडता निवडता जाणकार थकले. याला दोष म्हणवत नाही, कारण लोक गात राहिले म्हणूनच ते आपल्यापर्यंत आलं. पण राखण कमी पडली, हे खरं.

आता आमचीच चूक सांगतो. दिंडीत एक म्हातारे विणेकरी होते. समाधी प्रकरणातल्या एका अभंगाची जुनी चाल फक्त त्यांच्याकडे होती. कार्तिकीला आळंदीत तेवढी एकदाच म्हणायचे. आम्हाला कितीदा म्हणाले, "बाळ, बस, घेऊन ठेव." आम्ही म्हणायचो, पेरणी उरकू द्या, सुगी होऊ द्या. एका वर्षी कार्तिकीच्या आधीच ते गेले. वीणा आमच्या गळ्यात आली. आळंदीत तो अभंग आला आणि आम्ही दुसऱ्याच चालीत म्हटला. कोणी शब्दाने बोललं नाही. जुनी माणसं नुसती खाली बघत राहिली. अभंगाचे शब्द गाथ्यात आहेत, ती चाल मात्र आता कुठेच नाही.

नामदेवराय १३५० साली आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरीत महाद्वाराच्या पायरीशी विसावले. संतांचे पाय लागावेत एवढीच त्यांची इच्छा. आपण पायरीवर डोकं टेकवतो, ते योग्यच. पण त्यांचं गाणं गळ्यात नसेल तर नुसतं डोकं टेकवून काय होणार?

म्हणून दिंडीतल्या पोरापोरींना हात जोडून विनंती. त्या बाबांच्या बाकीच्या काही चाली आमच्याकडे आहेत. काकड्याला या, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर देवळात या. फोनात भरून घ्या, पण फोनातच ठेवू नका, गळ्यात घ्या. आमचंही वय झालं. या वेळी "सुगी होऊ द्या" म्हणू नका.

राम कृष्ण हरी.