न ऐकूं आलेल्या तोफा

फितुरीनें बिघडलेल्या लढायांचे दाखले इतिहासांत पुष्कळ सांपडतात. वाऱ्यानें तोफांचा आवाजच कानांवर पडूं दिला नाहीं, असा दाखला मात्र विरळा. अमेरिकेच्या यादवी युद्धांत तो १८६२ सालच्या सप्टेंबरच्या १९ व्या तारखेस घडला.

मिसिसिपी संस्थानांतील आयूका ह्या लहानशा गांवीं बंडखोर पक्षाचा सेनापति स्टर्लिंग प्राइस तळ देऊन होता. त्यास दोहों बाजूंनीं कोंडावें, असा ग्रँटचा बेत. सुमारें ८,००० लोकांनिशीं जनरल ऑर्ड वायव्येकडून येणार, आणि ९,००० घेऊन रोझक्रान्स दक्षिणेकडून. रोझक्रान्सला वाटेंत उशीर झाला, तेव्हां ऑर्डला नवा हुकूम गेला: गांवाअलीकडे चार मैलांवर थांबावें, आणि पलीकडच्या तोफा ऐकूं येतांच चालून जावें. साऱ्या मोहिमेची कळ अशा रीतीनें माणसाच्या कानावर येऊन ठेपली.

दुपारीं साडेचारच्या सुमारास लढाईस तोंड लागलें तें अंधार पडेपर्यंत. ओहायोचा एक तोफखाना हातघाईनंतर शत्रूच्या हातीं पडला. प्राइसचा सरदार लिट्ल ठार झाला. रोझक्रान्सचे मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून सुमारें ८०० लोक खर्ची पडले. ऑर्डच्या छावणींत मात्र सारें सामसूम! वारा त्याच्याकडून रणांगणाकडे वाहत होता, आणि मध्यें दाट रान पसरलें होतें.

वारा आवाज मागें लोटतो, ही समजूत सार्वत्रिक आहे; पण हिशेब जुळत नाहीं. आवाज सेकंदास सुमारें ११०० फूट धांवतो. ताशीं वीस मैलांचा वारा सेकंदास तीस फूटहि जात नाहीं. खरें कारण स्टोक्स ह्या शास्त्रज्ञानें लढाईपूर्वीं पांच वर्षें, १८५७ सालींच मांडलें होतें. झाडें, गवत व चढउतार ह्यांशीं घासून जमिनीलगतचा वारा मंदावतो. वरचा मोकळा वाहतो. वाऱ्याविरुद्ध निघालेल्या ध्वनिलहरीचा माथा त्यामुळें पायथ्याहून अधिक अडतो, लहर मागें कलते, आणि आवाज वर वळून ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो. तो नाहींसा होत नाहीं, उंचावरून जातो, इतकेंच. रेनल्ड्सनें १८७४ च्या सुमारास विजेची घंटा वाजवून हें पडताळलें: जमिनीलगत हरपलेला नाद उंच चढल्यावर पुन्हा ऐकूं येई. अर्थात् रानानें आणि चढउतारांनींहि आपला वांटा उचललाच असेल.

सगळें खापर वाऱ्यावर फोडणें मात्र न्यायाचें नव्हे. गांवाच्या दक्षिणेस जाणारा फुल्टनचा रस्ता रोझक्रान्सनें मोकळा ठेवला होता, त्यांत वाऱ्याचा काय अपराध? त्याच रस्त्यानें प्राइस रातोरात निसटला. रोझक्रान्सनें रात्रीं धाडलेला खलिता ग्रँटला दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिळाला, आणि ऑर्डची फौज आयूकांत शिरली तेव्हां प्राइसचा तळ उठलेला होता. ह्या प्रकरणापासून ग्रँट व रोझक्रान्स ह्यांच्यांत जें वितुष्ट आलें, तें पुढें वाढतच गेलें.