राजाने दिलेली समता

इटलीत नेपल्सच्या उत्तरेस कासेर्ता येथे एक भव्य राजवाडा आहे. तो पाहण्याचा योग आला, तर तेथूनच परत फिरू नका. जवळच्या टेकडीवरील सान लेऊचो हे छोटे गावही अवश्य पाहा. जुने लाकडी माग, रेशमाला पीळ देणारी यंत्रे आणि विणकरांच्या घरांच्या सरळ ओळी तेथे आजही दिसतात. राजवाड्यासाठी दुरून आणलेल्या कालव्याच्या पाण्यावरच ही यंत्रे फिरत असत.

मुळात हे राजाचे शिकारीचे ठिकाण. नेपल्सचा राजा चौथा फर्दिनांद याने १७७८ च्या सुमारास येथे रेशमाचा उद्योग सुरू केला. पुढे १७८९ मध्ये, फ्रान्समध्ये क्रांती झाली त्याच वर्षी, त्याने या गावाला स्वतंत्र कायदा दिला. तो वाचून आजही नवल वाटते. सर्वांचा पोशाख सारखा आणि साधा असावा. माणसामाणसांत गुणांखेरीज भेद मानू नये. मुलगा-मुलगी दोघांनीही शाळेत जावे. वारशात मुलीला मुलाइतकाच वाटा मिळावा. आजारी व वृद्धांसाठी सामायिक निधी असावा. देवीची टोचणी सर्वांना सक्तीची. राजाचा स्वतःचा थोरला मुलगा १७७८ मध्ये देवीनेच गेला होता. आणि हुंडा? तो साफ बंद!

राजेरजवाड्यांच्या दालनांसाठी उंची वस्त्रे विणणारे हात स्वतः साधे कपडे घालत. पण तेथे हुकूम देणारा आणि तो पाळणारा हा भेद मात्र तसाच राहिला.

या कायद्याच्या गौरवार्थ १७८९ मध्ये जी कविता लिहिली गेली, तिच्या कवींत एलेओनोरा पिमेंतेल फोन्सेका ही विदुषी होती. दहा वर्षांनी नेपल्समध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले आणि तिने त्याचे वर्तमानपत्र चालवले. एका गावापुरती असलेली समता साऱ्या राज्याला हवी, असा तो काळ होता. राजसत्ता परतली आणि २० ऑगस्ट १७९९ रोजी तिला फाशी देण्यात आले. टेकडीवर समता देणारा आणि नेपल्समध्ये फाशी देणारा राजा एकच होता.

१८६१ मध्ये इटली एक झाली, राजवंश गेला आणि गावाचा कायदाही इतिहासजमा झाला. १९९७ मध्ये युनेस्कोने राजवाड्याबरोबर या गावालाही जागतिक वारशात स्थान दिले. इमारती टिकल्या, हे चांगलेच झाले.

वाचकहो, दुसऱ्याने दिलेली समता त्याची मर्जी असेपर्यंतच टिकते. आपल्याकडेही हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ पासून आहे. तरी लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची गोष्ट निघते आणि आपण मान खाली घालून ऐकतो. तिथे हुकूम देणारा राजा नसतो. तिथे आपणच असतो, आणि नाही म्हणण्याचे काम आपलेच असते.