तळटीप ७ : ‘ताईंचे सरकार पडले’

७. ताईंचे सरकार : उत्रोलीच्या (ता. भोर) पारावरच्या या संभाषणातील ‘ताई’ म्हणजे शालिनीताई पाटील नव्हेत. १९७९च्या उन्हाळ्यातला हा उल्लेख शशिकला काकोडकर (१९३५–२०१६) यांचा आहे. गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या त्या कन्या. ऑगस्ट १९७३मध्ये भाऊसाहेबांचे निधन झाले आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने मुख्यमंत्रिपद ताईंकडे सोपवले. वडिलांच्या पुण्याईवर त्या आल्या हे खरे, पण १९७५चा मुंडकार कायदा ही त्यांच्याच कारकिर्दीची कमाई. भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला त्याची मर्जी फिरली की चंबूगबाळे उचलावे लागे. ती टांगती तलवार या कायद्याने दूर केली. पुढच्याच वर्षी कुळ कायद्यात दुरुस्ती करून कसणाऱ्याला जमिनीची मालकी देण्याचा निर्णय झाला.

१९७७च्या निवडणुकीत पक्षाला ३०पैकी १५ जागा मिळाल्या. इतक्या काठावरच्या सत्तेत स्वपक्षाचेच आमदार फुटल्याने एप्रिल १९७९मध्ये सरकार कोसळले व राष्ट्रपती राजवट लागू झाली. पुढे ताई काँग्रेसमध्ये गेल्या, स्वतंत्र पक्ष काढला, स्वगृही परतल्या, १९९०मध्ये शिक्षणमंत्री झाल्या. मुख्यमंत्रिपद मात्र पुन्हा मिळाले नाही. त्यांच्यानंतर गोव्यात एकही स्त्री मुख्यमंत्री झालेली नाही. महाराष्ट्रात तर आजवर कधीच नाही. — संपा.